कड निवली, मधलं नाही

आबा, मी घाबरलेय. आधीच सांगून टाकते, लांबण लावायची मला सवय नाही आणि तुम्हालाही ती आवडायची नाही. आज रविवार. दुपारचे दोन वाजलेत. तळेगावच्या घरात मी एकटी, ओट्याला पाठ लावून खाली बसलेय, मांडीवर जुनी वही आहे आणि चौथीपर्यंत शिकलेल्या अक्षरात तुम्हाला लिहितेय. मेलेल्या माणसाला लिहिणारी बाई बघून कोणी हसलं तर हसू दे. जित्या माणसाला सांगायचं धाडस कालपासून होत नाही, म्हणून तुम्हाला सांगतेय. उद्या सकाळी आठ वाजता आमच्या कारखान्यातल्या मोठ्या टाकीचं झाकण उघडणार आहे आणि आमचा फिटर छिन्नी-हातोडा घेऊन आत उतरणार आहे. आत काय आहे ते त्याला माहीत नाही. पाळी बघणाऱ्या इंजिनीअर मॅडमला माहीत नाही. मला माहीत आहे.

कारखाना म्हटलं की तुम्हाला साखरेचाच वाटणार. हा तो नव्हे. सणसवाडीच्या अलीकडे आहे, लहानसाच. तिथं दगडाची काळी भुकटी गोण्यांतून येते. त्या दगडात जस्त असतं आणि गंधक असतं, एकमेकांना घट्ट धरून बसलेलं. ते सोडवायचं म्हणून भुकटी तेजाबाच्या पाण्यात कालवायची, आडव्या बंद टाकीत भरायची, ऑक्सिजन कोंबायचा आणि दाबाखाली शिजवायची. टाकीला सगळे क्लेव्ह म्हणतात. आतून विटांचं जाड अस्तर, मध्ये ढवळायचे पंखे. शिजलं की जस्त पाण्यात उतरतं आणि गंधक सुटं होतं. पण ते सुटं होतं वितळलेलं, आणि सगळी कटकट तिथंच सुरू होते. वितळलेलं गंधक भुकटीच्या कणाला गुंडाळून बसतं, मग तो कण कच्चाच राहतो. कण आणि गंधक मिळून गोळे होतात, गोळे तळाला बसतात, पंखा अडतो. आच कमी पडली तर नळीत दगड होऊन बसतं. बरं, आच वाढवावी तर पातळ व्हायचं सोडून घट्ट होतं, लालसर, तारा सुटणारं. आपल्या गुळाच्या पाकातलं पाणी उडतं म्हणून तो घट्ट होतो. ह्यात उडायला पाणी नाही, तरी होतं. म्हणून त्याला एका बेताच्या आचेवर धरून ठेवायचं, इकडे नाही की तिकडे नाही. तुम्ही असता तर दोन दिवस नुसते मीटरच्या काचेजवळ उभे राहून काटा बघितला असता आणि तिसऱ्या दिवशी मॅडमला शिकवलं असतं.

गंधकाचे गोळे होऊ नयेत म्हणून त्यात एक तपकिरी पावडर जाते. लाकडापासून काढतात म्हणे. करपलेल्या काकवीसारखा वास. बाहेरच्या लहान टाकीत पाण्यात कालवली की चिकट तपकिरी पाणी होतं आणि ते पंपानं हळूहळू क्लेव्हमध्ये जातं. हे पाणी करायचं काम माझं. पाळीला पाच गोण्या. पहिल्या दिवशी मॅडमनी मला समजावलं तेव्हा मी म्हटलं, "म्हंजी भेंडीच की."

"कसली भेंडी, मावशी?" मॅडम आमची पोरगीच आहे, लेकीच्या वयाची, नागपूरकडची, डोक्यावर पिवळं हेल्मेट.

"रानभेंडी वो. आमचं आबा गुळव्या व्हतं. उसाच्या रसात भेंडीचं बुळबुळीत पाणी घालायचं, मंग मळी वर येती. न्हाई घातली तर समदा पाक नासतो."

ती हसली. म्हणाली, "तुमची भेंडी मळी गोळा करते, आमची पावडर गोळा होऊ देत नाही. उलटं काम आहे." मी म्हटलं, उलटं असू दे, जात एकच हाय. तेव्हापासून पाळीवरची सगळी माणसं त्या पावडरीला भेंडीच म्हणतात. बिहारचा फिटरसुद्धा. "मौसी, भिंडी डाली क्या?" असं लांबून ओरडतो, आणि मी ओरडते, "तू तुझं पान्हं सांभाळ." हाच तो फिटर. ह्याच्याच बद्दल बोलतेय मी.

आता माझं कर्म ऐका. पावडरीच्या गोण्या लाकडी फळ्यांवर ठेवायच्या असं शंभर वेळा सांगितलेलं आहे. मागच्या आठवड्यात ट्रक उशिरा आला, घरी जायची जीप चुकेल म्हणून मी गोण्या जमिनीवरच लावल्या. शेडच्या त्या कोपऱ्यात नळ गळतो. पावडर पाणी ओढते, तिच्या ढेपा झाल्या. शुक्रवारी गोणी फाडली तर आत ढेप, गुळासारखीच, बडवली तरी फुटेना. मी कुणाची मुलगी? माझ्या डोक्यात आलं, गरम पाण्यात ढेप विरघळत नाही असं कधी झालंय का? घातल्या तशाच. पाचही. रजिस्टरवर पाच लिहिलं, खाली सही केली आणि घरी आले. काल, शनिवारी सकाळी कामावर जाऊन कालवायच्या लहान टाकीत डोकावले तर तळाला ढेपा तशाच, वरच्या वर जरा झिजलेल्या, पंपाची जाळी चोंदलेली आणि वर पाणी चहाच्या रंगाचं. रात्रभर पंपानं नुसतं पाणी ओढलं होतं. मी काय केलं? फावड्यानं ढेपा काढल्या, शेडच्या मागं टाकल्या, जाळी धुतली, नव्या गोण्या घातल्या. कुणाला काही बोलले नाही. मला वाटलं, निभावलं. दहा वाजता क्लेव्हचा पंखा अडला. मोटारीचा आवाज आधी जड झाला, म्हैस चिखलातनं पाय ओढते तसा, मग बंद. मॅडमनी दाब सोडायला लावला, पाणी फिरवायला लावलं. रजिस्टर माझ्यासमोर चाळलं. पाच, पाच, पाच. म्हणाल्या, "भेंडी तर बरोबर गेलीय. पंख्याचं बेअरिंग असेल. आत नेहमीसारखा दोन बोटं थर असणार. सोमवारी उघडू, तोवर निवेल."

दोन बोटं थर दीड दिवसात निवतो. ज्या रात्री भेंडी गेलीच नाही त्या रात्रीचा थर किती असेल, आबा? माझा अंदाज गुडघाभर. आणि तो विटांच्या पोटात, वरून पाणी फिरवलेला. पाण्यानं वरची कड थिजणार. मीटर तर छताला लागलेलं, ते वरच्या वाफेचा गरमपणा सांगतं, तळाचा नाही. काल रात्री अंथरुणावर पडले तर मला वाफाच दिसायला लागला. वरवंडच्या गुऱ्हाळावरचा, पाक ओतायचा तो चौकोनी वाफा.

आठवतंय तुम्हाला? मी आठ-नऊ वर्षांची असेन. भीमेच्या पलीकडे, दौंडच्या अंगाला तुम्ही दर हंगामात गुळव्या म्हणून जायचा आणि आई गेल्यावर मलाही न्यायला लागला. तुम्ही काहिलीतला पाक वाफ्यात ओतलाय. मी कडेला बसलेय. थोड्या वेळानं पाकावर साय धरते, चमकायची थांबते, कडेला बोट लावलं तर कोमट लागतं. मग मी मधला गूळ उचलायला हात पुढं करते आणि तुमचा ओला हात फाडकन माझ्या मनगटावर बसतो. मी रडायच्या आधीच तुम्ही उसाचं कांडं घेऊन ती साय फोडता. आतून वाफेचा भपकारा. तुम्ही म्हणता, "बघ. कड निवली म्हंजी समदं निवलं न्हाई. वरनं दिसतं त्यावर हात घालायचा न्हाई, बये. आदी काठीनं इचार." काठीनं इचार. हे दोन शब्द कालपासून माझ्या डोक्यात वाजतायत आणि उद्या तो माणूस काठीनं विचारणार नाही, बुटासकट त्यावर उभा राहणार. साय फुटली की पाय आत. वितळलेलं गंधक कातडीला लागलं की सोडत नाही, पाण्यासारखं ओघळून जात नाही. आणि थराच्या पोटात कोंडलेला वायू असतो, सडक्या अंड्याच्या वासाचा. तो जास्त झाला की वास यायचाच बंद होतो आणि माणूस उभ्याचा आडवा होतो, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलंय. फिटर त्या दिवशी माझ्या शेजारी बसून शेंगा खात होता.

सकाळपासून मॅडमना तीनदा फोन केला. उचलत नाहीत. रविवार आहे, पोरगी झोपली असेल. प्रत्येक वेळी फोन उचलला नाही की मला आधी सुटल्यासारखं वाटतं आणि मग मी तोच नंबर पुन्हा लावते. काम जाईल ही भीती आहेच, ती लपवत नाही. ह्या वयात मला कोण घेतंय? पण खरी भीती ती नाही. खरी भीती ही की मी गप्प बसू शकते. मला ते जमतं. मी ते आधी केलंय.

पुढं तुम्ही भाजला तो दिवस. काहिलीत रस उकळी धरतोय. मळी वर यायला पाहिजे, येत नाही. तुम्ही झारा घेऊन वाकून वाकून बघताय, "मळी का येईना?" असं स्वतःशीच पुटपुटताय, नेहमीपेक्षा किती तरी जास्त वेळ त्या वाफेत उभे आहात. आणि एकदम उकळी फुटते. फेस काठावरून येतो आणि तुमच्या उजव्या हातावर, बोटांपासून कोपरापर्यंत. तुम्ही ओरडला नाही. रांजणात हात बुडवला आणि दात आवळून उभे राहिला. गुऱ्हाळाचा मालक धावत आला. म्हणाला, "जाळ कुणी वाढिवला?" चुलवाणाशी चिपाडं घालणारा, ज्याला सगळे मामा म्हणायचे तो होता, आपल्या शेजारच्या खोपीतला, बायको पोटुशी. तो म्हणाला, "मालक, जाळ रोजच्यावानीच हाय." कोणी ऐकलं नाही. संध्याकाळच्या आत त्याला काढलं. वळकटी डोक्यावर आणि बायको मागं, दौंडच्या रस्त्याला लागलेली दोघं मला खोपीच्या दारातून दिसत होती. मी आत जाऊन तुमच्या हाताला तूप लावत बसले. दुसऱ्या दिवशी तुम्ही डाव्या हातानं भेंडीची बादली उपडी केली, तिचा तळ बघितला आणि म्हणाला, "उद्यापासनं भेंडी मी ठेचतो. तू निस्तं पाणी आण." एवढंच.

त्याच आठवड्यात तळेगावच्या बाजारातून तुम्ही माझ्यासाठी रबरी बूट आणले. मोठ्या माणसाचे होते ते. टोकाला पाचट कोंबून मी ते घालायची आणि सगळं गुऱ्हाळ हसायचं, "गुळव्याची पोरगी फौजदार झाली." तुम्ही नाही हसला. म्हणाला, "हसू द्या. पाय ऱ्हातील." हात तुमचा भाजला होता आणि बूट तुम्ही मला आणले. त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नव्हता. आता लागतो आणि नको वाटतं.

पेन ठेवते. चौथ्यांदा फोन करून बघितला. उचलला नाही. फिटरची खोली सणसवाडीत आहे, दुकानांच्या मागं. जीप मिळाली तर अर्ध्या तासात पोचेन. निघते.

सोमवार. संध्याकाळचे पाच.

काल गेले. फिटर खोलीच्या बाहेर बादलीत कपडे आपटत होता. मला बघून म्हणाला, "अरे मौसी, छुट्टी के दिन भी भिंडी?" मी म्हटलं, "कल अंदर मत जा."

"क्यों? मीटर पे चालीस दिखा रहा है. ठंडा है."

"मीटर ऊपर का है. नीचे का नहीं." माझं हिंदी तुम्हाला माहीत नाही, फार वाईट आहे, पण काल अडलं नाही. सगळं सांगितलं. ढेपा, जाळी, शेडच्या मागं टाकलेलं, रजिस्टरवरची सही. तो ऐकता ऐकता उभा राहिला. हातातली चादर तशीच, पाणी गळतंय. आतून त्याची बायको दारात आली. कडेवर बाळ. तिनं आधीचं काही ऐकलं नव्हतं, पण माझं तोंड बघून ती नवऱ्याकडे बघायला लागली. तो म्हणाला, "मौसी, तूने किसी को बोला नहीं?" मी नाही म्हटलं. त्यानं शिवी दिली नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं. त्याच्या फोनवरून मॅडमना लावला तर पहिल्या घंटीला उचलला. माझा नंबर त्यांच्याकडे नव्हताच, आबा. अनोळखी म्हणून उचलत नव्हत्या.

मॅडम म्हणाल्या, "मावशी, पण रजिस्टरमध्ये पाच गोण्या आहेत."

मी म्हटलं, "रजिस्टर खोटं हाय. मीच लिवलंय."

मॅडम म्हणाल्या, "उद्या कोणी आत उतरायचं नाही."

आज सकाळी झाकण उघडलं. कोणी आत गेलं नाही. सगळ्यांना लांब उभं केलं. फिटर तोंडाला नळीचा मास्क लावून झाकणाच्या बाहेर, पट्टा बांधून, आणि हातात दोन माणसांएवढी लोखंडी सळई. मी शेडच्या खांबाला धरून उभी होते. मला जा म्हणाले होते, मी गेले नाही. टॉर्चच्या उजेडात आतला थर दिसत होता, राखाडी, कोरडा, शेणानं सारवलेल्या जमिनीसारखा शांत. मला एक क्षण वाटलं, आबा, की हे निवलेलंच आहे. मी उगाच तोंड उघडलं, उगाच काम घालवलं. इतकं शांत दिसत होतं ते. फिटरनं सळई आपटली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा साय फुटली आणि सळई आत गेली, त्याच्या हातातून निसटेपर्यंत आत. भोकातून काळपट पिवळं, तेलासारखं पातळ असं काहीतरी वर आलं आणि सावकाश पसरलं. जिथं त्यानं आज पाय ठेवला असता तिथंच. खिशातली वायूची मीटरं एकदम केकाटायला लागली. "मागं व्हा, मागं व्हा," मॅडम ओरडत होत्या आणि त्यांचा आवाज फाटला होता. फिटर मागं सरकत सरकत माझ्याजवळ आला, मास्क काढला. तोंड पांढरं पडलेलं. खाली वाकून त्यानं स्वतःच्या बुटांकडे बघितलं. मीही बघितलं. मला उलटी झाली.

दुपारी मॅडमनी बोलावलं. म्हणाल्या, "मावशी, चौकशी होईपर्यंत तुम्ही येऊ नका." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मीटर खाली लावायला पाहिजे होतं. तेही लिहिणार आहे मी." ठेकेदाराच्या माणसानं गेटपास काढून घेतला. बूट परत घ्यायचं विसरला. आठ नंबरचे आहेत, बायकांच्या मापाचे येतच नाहीत, टोकाला कागद कोंबून घालते मी. ते घालूनच जीपमध्ये बसले, शेजारची बाई नाक दाबून सरकली. घरी आले. चहा टाकला आणि भांड्यावर साय धरताना बघून गॅस बंद केला. कुणी मेलं नाही तरी भीती जात नाही. ती आता मागच्या बाजूला सरकलीय, त्या दौंडच्या रस्त्यावर. ती पोटुशी बाई कुठं बाळंत झाली असेल, हे मी आजवर कधी मनात येऊ दिलं नव्हतं.

त्या दिवशी जाळ जास्ती नव्हता, आबा. मामा खरं बोलत होता. भेंडी मी ठेचलीच नव्हती. हात दुखत होते, कंटाळा आला होता, म्हणून आदल्या दिवशीच्या चोथ्यावर पाणी ओतून ढवळून दिलं. बादलीचा तळ बघून तुम्हाला कळलं असणार. मामाला काढल्यावर कळलं असणार, म्हणून तुम्हीही गप्प बसला असाल. आपण दोघंही गप्प बसलो आणि तुम्ही मला बूट आणून दिले.

एवढं लिहून झालं. पानं घडी करून उजव्या बुटाच्या टोकाला कोंबते, तिथला कागद भिजून गेलाय. बूट परत मागितले तर कागद काढून चुलीत घालीन. तुम्ही मला कधी विचारलं नाही, ह्याचा मला आयुष्यभर राग होता. विचारलं असतंत तर मी जाळच जास्ती होता म्हणून सांगितलं असतं.